थांबवण्याचा हक्क

त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर पूर्व वॉशिंग्टनचे पठार होते, करडे, उजाड, वाऱ्याशिवाय कोणाचेच न ऐकणारे. पठारावर आकाश, आणि आकाशात विमान. आत अर्धवर्तुळात मांडलेली मेजे आणि पडद्यांवर सरकणाऱ्या हिरव्या रेषा. विमानाकडे कोणी पाहत नसे, सगळे रेषांकडे पाहत. बुद्धभूषण गजभिये याच्या वाट्याला दोन्ही पंखांच्या रेषा आल्या होत्या.

गुरुवारी सकाळी त्यातली एक रेषा विरायची थांबली.

डाव्या पंखाच्या टोकाची थरथर उठली, खाली आली, आणि विझण्याऐवजी पुन्हा उठली, आधीपेक्षा उंच. त्याने मेजावरचे लाल बटण दाबले आणि थेट रेडिओवर म्हणाला, "नॉक इट ऑफ," म्हणजे चाचणी तिथेच थांबवा. वर आकाशात नोरा लिंडक्विस्टने त्याच क्षणी दोन्ही इंजिनांचा जोर मागे ओढला. काय झाले, कोण बोलले, काहीही विचारले नाही. विमान मंदावले, वळले, उतरले.

खोलीत मात्र त्यानंतरची शांतता वेगळी होती. मागच्या रांगेत गणवेशातले पाहुणे बसले होते, हे विमान पाहायला देशाच्या दुसऱ्या टोकाहून आलेले. आणि ते शब्द उच्चारण्याचा अधिकार त्याच आठवड्यात बुद्धभूषणकडून काढून घेतलेला होता.

समुद्रापलीकडे युद्ध चालू होते आणि त्या युद्धाला हे विमान हवे होते: लहान, दोन प्रॉपेलरचे, कच्च्या धावपट्टीवरूनही उडणारे, जमिनीलगत झेपावून बॉम्ब टाकून निघून जाणारे. कंपनीने दोनच नमुने बांधले होते. पहिला जमिनीवरच वाकवून, पिळून, अखेर मोडून पाहिला होता. दुसरा उडत होता. पंखाखाली बॉम्ब टांगले की पंखाचा स्वभाव बदलतो, म्हणून बॉम्बच्या वजनाचे, स्फोटक नसलेले गोळे टांगून त्याला दर खेपेस थोड्या अधिक वेगाने नेत होते. प्रत्येक वेगाला नोरा सुकाणूच्या दांड्याला एक टिचकी मारी, पंख थरथरे, आणि ती थरथर विरते की नाही हे बुद्धभूषण पाही. विरली, तर पुढचा वेग. पण कोणत्या तरी एका वेगाला ती विरत नाही; हवाच तिला खाऊ घालू लागते, आणि मग माणूस घेतलेला श्वास सोडेपर्यंत पंख उरत नाही.

म्हणूनच खोलीचा जुना कायदा असा की धोका वाटला तर कोणीही बोलावे. पहिल्या दिवशी आलेल्या शिकाऊ मुलीनेही. विमान आधी थांबते. का, ते जमिनीवर आल्यावर विचारतात, आणि उत्तर पोकळ निघाले तरी बोलणाऱ्याला कोणी हसत नाही. त्या वसंतात असे तीनदा थांबावे लागले होते, आणि तिन्ही वेळा कारण पोकळ निघाले होते. युद्धाला घाई होती. सोमवारी चंद्रशेखर परचुरे यांनी, म्हणजे चाचणीच्या संचालकांनी, नवा नियम वाचून दाखवला: जे वाटेल ते आधी फक्त मला, आतल्या फोनवर सांगायचे, वैमानिकाला काय सांगायचे ते मी ठरवीन.

आतल्या फोनवर एक वाक्य बोलून, दुसऱ्याने ते समजून घेऊन, ठरवून, पुन्हा बोलायचे. तेवढ्यात काय काय होऊ शकते हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कोणी बोलले नाही. बुद्धभूषणही बोलला नाही. मेजावरचे लाल बटण काढायला तंत्रज्ञ शुक्रवारी येणार होता, आणि गुरुवारी ते अजून जागेवर होते.

शुक्रवारी दुपारी उत्तर आले. पंख निर्दोष होता. डाव्या टोकाला बसवलेल्या सेन्सरची एक तार जोडापाशी सैल झाली होती, आणि ती थरथर पंखाची नसून त्या तारेची होती.

चंद्रशेखर त्याला पार्किंगच्या कडेला घेऊन गेले. पुण्याहून ते बुद्धभूषणच्या किती तरी आधी इथे आले होते. त्याला सिएटलच्या ऑफिसातल्या गणिताच्या टेबलावरून उचलून या खोलीत आणणारे तेच. इंग्रजीत ते मोजके बोलत, मराठीत सैल होत.

"लूज कनेक्टर होता. विंग एकदम क्लीन आहे."

"बघितलं मी, सर."

"मग आता ऐक. सोमवारी रिव्ह्यू आहे. तिथं एवढंच म्हणायचं, मी प्रोसिजर मोडली, पुन्हा मोडणार नाही. संपलं. मी बाकीचं सांभाळून घेतो."

बुद्धभूषण पठाराकडे पाहत राहिला. दूर कुणाच्या तरी शेतातले पाण्याचे लांबलचक फवारे स्वतःभोवती सावकाश फिरत होते.

"अरे, मी तुला या रूममध्ये आणलंय," चंद्रशेखर म्हणाले. "माझं नाव आहे त्यात. कोणकोणाला समजावलं तेव्हा, तुला माहीत नाही."

हे वाक्य बुद्धभूषणने आयुष्यात अनेक आवाजांत ऐकले होते. नागपूरच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी त्याला आडनाव आणि प्रवेशाची रँक एकाच श्वासात विचारली गेली होती. वसतिगृहात, पहिल्या नोकरीत कोणी ना कोणी त्याला आणलेले असे, आणि आणणारा ते विसरू देत नसे. या खिडकी नसलेल्या खोलीवर त्याचा जीव जडला होता तो एवढ्यासाठीच. इथे माणसांना नावे नसत, मेजांना असत. 'स्ट्रक्चर्स' अशी हाक आली की तो ओ देई, आणि त्या हाकेत त्याचे बाप-आजे, गाव, वस्ती काही नसे. फक्त पंख असत. खोलीबाहेर अमेरिकन सहकारी त्याला 'बडी' करू पाहत, आणि तो दर वेळी, न चिडता, पाचही अक्षरे उच्चारून दाखवी. शॉर्ट कर यार, मी नाही का चंद्रा झालो, असे चंद्रशेखर एकदा गमतीने म्हणाले होते. त्यावर तो म्हणाला होता की तुमचं नाव तुम्हाला मिळालं, सर. आमचं आम्ही घेतलंय. चंद्रशेखर तेव्हा हसले होते, पण पुन्हा तो विषय काढला नव्हता.

"विचार करतो," तो आता म्हणाला, आणि त्याला कळले की विचार करण्यासारखे काही उरलेले नाही.

नोरा हँगरच्या दाराशी भेटली. उंच, पिकल्या केसांची, आभार मानायची सवय नसलेली बाई. तिने त्याला सरळ सांगितले की त्याने तिची एक चांगली चाचणी फुकट घालवली, दांड्यात तिला काहीही जाणवले नव्हते, आणि तिला या विमानाच्या चाचण्या या महिन्यात संपवायच्या आहेत. नव्या नियमाबद्दल त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली की नियम करणे तिचे काम नाही, उडवणे आहे. मग जाता जाता थांबली. आवाज कुणाचा आहे हे कळायच्या आत माझा हात मागे आला होता, ती म्हणाली, आणि हे तिला आवडले की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

शनिवारी डोंगर ओलांडून तो सिएटलजवळ बॉथेलला घरी आला. डोंगराच्या या बाजूला सगळे हिरवे आणि ओले असते. पठारावरचा माणूस इथे आला की त्याला आपण कुठल्या तरी भिजलेल्या पुस्तकात शिरलो असे वाटते. त्याची बायको हर्षिता प्रयोगशाळेतून नुकतीच आली होती. विमानाबद्दल घरी बोलायची परवानगी नव्हती, म्हणून त्याने फक्त खोलीबद्दल सांगितले: काय बोललो, काय बोलायला सांगताहेत.

त्यांच्या मुलीने, मीराने, कानातले हेडफोन न काढताच विचारले, "आर यू इन ट्रबल, बाबा?"

"थोडा."

"कूल," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

हर्षिता कांदा चिरत होती. ती अमरावतीची, बोलण्यात तिखट, आणि त्याच्या नोकरीशी तिचे भांडण जुने होते. महिन्यातून एकदा बॉथेलच्या कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धवंदना होई. तिथे पहिले शील, प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे, सर्वांबरोबर म्हणताना ती कडेने त्याच्याकडे पाही.

"चुकलास ना पण तू? वायर होती म्हणतोस. मग चुकलो म्हण आणि मोकळा हो."

"पंखाबद्दल चुकलो. थांबवण्याबद्दल नाही."

"म्हणजे?"

त्याने सांगायचा प्रयत्न केला. थांबवणाऱ्याने बरोबरच असले पाहिजे अशी अट घातली, की थांबवायचे कोणाच्यानेच होत नाही. प्रत्येक जण खात्री होईपर्यंत गप्प बसतो, आणि खात्री पंख मोडल्यावर होते. चुकण्याची मुभा नसलेला हक्क हा हक्कच नसतो, ती मेहेरबानी असते, आणि मेहेरबानी कोणाच्या तरी मूडवर चालते.

हर्षिताने सुरी खाली ठेवली. "हे कळलं मला. बरोबर आहे तुझं. पण एक विचारू? ती बाई वर बसते, तिच्यासाठी नॉक इट ऑफ म्हणायला तू आहेस. ज्यांच्या डोक्यावर हे जाणार आहे, त्यांच्यासाठी कोण म्हणणार आहे, बुद्धभूषण?"

  कढईत तेल तापत राहिले, आणि पावसाने काचेवर जे काही लिहिले ते पुसून पुन्हा लिहिले. तो म्हणाला की ते मला माहीत नाही; पण जे माझ्या हातात आहे तेही सोडून दिलं, तर तो प्रश्न विचारायलाही मी उरणार नाही. तिला पटले नव्हते, पण तिने कांदा पुन्हा हाती घेतला, म्हणजे ती त्याच्या विरुद्धही नव्हती.

सोमवारच्या बैठकीत त्याच्याकडून एका वाक्याची अपेक्षा होती. त्याने दोन सांगितली. सेन्सरच्या बाबतीत माझा अंदाज चुकला. तीच रेषा पुन्हा दिसली तर मी पुन्हा थांबवीन. टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या एका गृहस्थाने अत्यंत सौम्य आवाजात विचारले की पुन्हा म्हणजे संचालकांमार्फत ना, आणि तो म्हणाला, नाही, थेट. चंद्रशेखर कागदावर काहीतरी रेखाटत होते. त्यांचे पेन थांबले. त्यांनी वर पाहिले नाही.

निर्णय तासाभरात आला. त्याच्या जागी दुसऱ्या तळावरून माणूस येणार होता, पण बुधवारी. मंगळवारी आकाश स्वच्छ होते आणि वारा पडलेला, आणि अशी सकाळ सोडणे कंपनीला परवडणारे नव्हते. म्हणून मंगळवारी त्यानेच बसायचे, शेवटचे, नव्या नियमाप्रमाणे.

मंगळवारी मेजावरचे लाल बटण नव्हते. तिथे एक गोल भोक होते आणि त्यावर कुणीतरी नीटनेटकी चिकटपट्टी लावली होती. त्याने त्यावरून एकदा बोट फिरवले. मग हेडफोन घातला.

धावपट्टीच्या तोंडाशी विमान उभे होते, दोन्ही प्रॉपेलर फिरत होते. उड्डाणापूर्वी संचालक एकेका मेजाला नावाने हाक मारतो आणि प्रत्येक मेज 'गो' म्हणते. हा रिवाज इतका जुना, की लोक ते कॉफीचा घोट घेता घेताही म्हणतात. नोरा हे सगळे आपल्या कानात ऐकत असते, आणि शेवटचा 'गो' आला की निघते.

"इंजिन्स?"

"गो."

"कंट्रोल्स?"

"गो."

"स्ट्रक्चर्स?"

"नो-गो," बुद्धभूषण म्हणाला.

खोली वळून त्याच्याकडे पाहू लागली. चंद्रशेखरनी कारण विचारले, कारण विचारणे त्यांना भाग होते. बुद्धभूषणने सांगितले की पंखात दोष नाही, सेन्सर नवा आहे, तार घट्ट आहे. दोष खोलीत आहे. विमान वर गेल्यावर मला त्याच्याशी बोलता येणार नाही, म्हणून मी ते जमिनीवर असतानाच बोलतो आहे.

चंद्रशेखरनी आपला माइक हाताने झाकला, आणि त्या खोलीत जे त्यांनी कधीच केले नव्हते ते केले. मराठीत बोलले.

"बुद्धभूषण, हे करू नकोस. ऐक माझं. इथं नको. आपण नंतर बसून बोलू, आपण दोघं."

आवाजात राग नव्हता. माया होती, आणि ती खरी होती. म्हणूनच ती अधिक अवघड होती. आडोशाला चल, तिथे देतो तुला जे हवे ते, असे म्हणणारी माया त्याच्या लोकांच्या चांगल्या ओळखीची होती. त्यांनी आपले पाणी आडोशाला मागितले नव्हते. भर दिवसा, सर्वांदेखत तळ्याच्या पायऱ्या उतरून ते प्याले होते, कारण लपून प्यालेल्या पाण्याने तहान भागते, हक्क सिद्ध होत नाही.

त्याने उत्तर इंग्रजीत दिले, सर्वांना आणि धावपट्टीवरच्या विमानालाही ऐकू जाईल असे. "स्ट्रक्चर्स नो-गो आहे. जुना नियम परत येईपर्यंत नो-गो राहील."

रेडिओवर खरखर झाली. नोराने विचारले की मी वर असताना तुमच्यापैकी किती जण माझ्याशी बोलू शकतात.

चंद्रशेखरनी माइकवरचा हात काढला. खोटे बोलणारा माणूस नव्हता तो. "एक," ते म्हणाले.

 पडद्यावर इंजिनांच्या रेषा, आधी उजवी, मग डावी, उतरत उतरत तळाला टेकल्या.

दुपारी त्याचे ओळखपत्र चालेनासे झाले. चंद्रशेखरचा फोन तो मोटेलच्या खोलीत सामान भरत असताना आला. त्यांचा आवाज थकलेला होता. नियम परत येणार, ते म्हणाले; वैमानिकांनी त्याशिवाय उडायला नकार दिला आहे, वरच्यांनी मानले आहे, पण गाजावाजा न करता. "जिंकलास तू. आता माझं एक ऐक. राजीनामा दे. पर्सनल रीझन्स लिही. मी चांगलं लेटर देतो, पूर्व किनाऱ्यावर पार्सिपनीला माझा मित्र आहे, तो उद्या घेईल तुला. कुणाला काही कळायला नको."

बुद्धभूषण पलंगाच्या कडेवर बसला. हातातला शर्ट त्याने अर्धा घडी केला होता.

"नियम परत आला, हे चांगलं झालं, सर. पण राजीनामा मी देणार नाही. मला पर्सनल रीझन काहीच नाहीये."

"अरे, मग काढतील तुला."

"काढू देत. पण कारण सांगून काढू देत. ज्या गोष्टीसाठी काढताय, तीच गोष्ट उद्यापासून तुम्ही सगळ्यांना करायला सांगणार आहात. ते दोन्ही एकाच कागदावर लिहून दाखवा मला."

"तुला कळतंय का तू कुणाशी बोलतोयस? मी तुझ्यासाठी–"

"माझ्यासाठी नको, सर," तो म्हणाला. "माझं जे आहे, तेवढं द्या."

फोन कधी बंद झाला ते त्याच्या लक्षात आले नाही. भरलेली बॅग त्याने पुन्हा उघडली, शर्ट हँगरला लावला.

बुधवारी सकाळी तो नेहमीच्या वेळी तळाच्या फाटकाशी पोहोचला. यंत्राने त्याचे ओळखपत्र पाहिले आणि तांबडा दिवा लावला. पहारेकरी बाहेर आला. दोघे एकमेकांना ओळखत होते, एकमेकांच्या मुलांबद्दल विचारत आले होते. तो अवघडून म्हणाला की कार वळवून घ्यावी लागेल. बुद्धभूषणने शांतपणे सांगितले की मी इथे नोकरीला आहे, मला कोणी काढलेले नाही, काढल्याचे कारण कोणी कळवलेले नाही. ज्यांना कळवायचे आहे त्यांना बोलाव, मी थांबतो. आणि त्याने गाडीचे इंजिन बंद केले.

मागे रांग वाढू लागली. आरशात नोराची जुनी पिकअप दिसली, तिच्यामागे तंत्रज्ञांच्या गाड्या, त्यामागे चंद्रशेखरची चंदेरी गाडी. पठारावर ऊन चढत होते. एका गाडीने हॉर्न दिला आणि मग तोही गप्प झाला. चंदेरी गाडीचे दार उघडले. चंद्रशेखर रस्त्याच्या कडेने, कोट वाऱ्यात धरून, एकेक गाडी ओलांडत चालत येऊ लागले. प्रत्येक खिडकीतून कोणीतरी त्यांच्याकडे पाहत होते. जवळ येऊन त्यांनी खाली वाकून काचेवर हलकेच टकटक केले आणि पलीकडच्या सीटकडे बोट दाखवले: दार उघड, आत बसून बोलू.

बुद्धभूषणने दार उघडले नाही. त्याने काच पूर्ण खाली केली.

"जे असेल ते इथंच सांगा, सर," तो म्हणाला. "मोठ्यानं सांगा. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."